शॉची मुलगी आणि इयोबाचा देव



माझे यजमान गेले त्याला येत्या हनुक्काला वर्ष होईल. शिव्आचे सात दिवस घर माणसांनी भरलेले होते. लोदहून, रामलेहून, बेर-शेवाहून नातेवाईक आले, आणि आलेल्या प्रत्येकाने मला काही ना काही समजावले. एक म्हणाले, चांगली माणसे देवाला आधी हवी असतात. दुसरे म्हणाले, दुखण्यातून सुटले, ही त्याचीच दया. एक बाई म्हणाल्या, घरात कुणाच्या तरी हातून काही चुकलेले असते, त्याशिवाय असे दुखणे येत नाही.

माझा नातू नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये, डब्लिनला असतो. तो धावत आला आणि बापाच्या शेजारी उभा राहून सातही दिवस कद्दीश म्हणाला. सातव्या रात्री मला भांडी आवरायला मदत करताना म्हणाला, "आजी, आजोबांसाठी म्हटलं मी. पण माझा देवावर विश्वास नाही. आणि त्या बाई बोलल्या ना, तसा देव असलाच तर मला तो नको." मी गप्प राहिले. जाताना त्याने बॅगेतून एक पातळ पुस्तक काढून टेबलावर ठेवले. "तू शाळेत शॉ शिकवायचीस. हे वाच आणि मला फोनवर सांग, यात चूक काय आहे ते."

पुस्तक मी तीनदा वाचले. फोनवर मावणार नाही एवढे उत्तर झाले, म्हणून ते इथे लिहिते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा नातू किंवा नात आहे, हे मला ठाऊक आहे.

पुस्तक कोणते, लेखक कोण

जॉर्ज बर्नार्ड शॉ आपल्याला परका नाही. मुंबईत ज्यांनी पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' पाहिली, भक्ती बर्व्यांची फुलवाली ऐकली, त्यांनी शॉचेच 'पिग्मॅलियन' मराठीत पाहिले. शॉचा जन्म १८५६ चा, डब्लिनच्या सिंग स्ट्रीटवरचा. पुढे त्याच पोर्टोबेलो भागात यहुदी कुटुंबे येऊन राहिली. लोक त्या वस्तीला छोटे जेरुसलेम म्हणत. रब्बी आयझॅक हर्झोग १९३६ साली या देशात येण्याआधी आयर्लंडचे मुख्य रब्बी होते आणि त्यांचे चिरंजीव खाईम हर्झोग, आपले सहावे राष्ट्राध्यक्ष, डब्लिनमध्येच लहानाचे मोठे झाले. शॉने मात्र विशीतच डब्लिन सोडले आणि उरलेले आयुष्य इंग्लंडमध्ये काढले.

पुस्तकाचे नाव 'द ॲडव्हेंचर्स ऑफ द ब्लॅक गर्ल इन हर सर्च फॉर गॉड', म्हणजे देवाच्या शोधात निघालेल्या एका काळ्या मुलीची गोष्ट. १९३२ साली दक्षिण आफ्रिकेत प्रवास करताना शॉच्या मोटारीला अपघात झाला आणि त्याच्या पत्नीला बरीच दुखापत झाली. ती बरी होईपर्यंत नाइज्ना गावात मुक्काम करणे भाग पडले. तिथे बसून शॉने ही गोष्ट लिहिली. पुस्तक त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. जॉन फार्ली या चित्रकाराने लाकडावर कोरून केलेली त्यातली चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. पुढच्याच महिन्यात, १९३३ च्या जानेवारीत, शॉ जगप्रवासाच्या बोटीने मुंबईला उतरला होता आणि जैन मंदिर पाहायला गेला होता. म्हणजे देवाच्या शोधाचे पुस्तक लिहून झाल्यावर सुद्धा देवळे पाहणे त्याने सोडले नव्हते.

त्याच वर्षी त्याच्या मायदेशात, आयर्लंडमध्ये, पुस्तकावर बंदी आली. बंदीच्या कागदावर कारण अश्लीलतेचे होते, कारण चित्रातल्या मुलीच्या अंगावर कपडे नाहीत. पण देवाविषयीचा वाद सरकारी हाताने बंद करण्याची त्या देशाची सवय जुनी होती. १६९६ साली डॉनिगॉलच्या जॉन टोलंडने धर्मात बुद्धीला न समजणारे असे काही नसावे, या अर्थाचे पुस्तक लिहिले. दुसऱ्याच वर्षी डब्लिनच्या पार्लमेंटने ते फाशी देणाऱ्याच्या हातून जाळवले. याच टोलंडने पुढे १७१४ साली ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यहुद्यांना नागरिकत्व द्यावे म्हणून एक पुस्तिका लिहिली. ज्याला देवनिंदक म्हणून हाकलले, तो आपल्यासारख्यांच्या बाजूने उभा राहिला, हे आपण लक्षात ठेवायला हवे. त्या देशाच्या राज्यघटनेतून देवनिंदेचा गुन्हा निघाला तो थेट २०१८ च्या ऑक्टोबरात, सार्वमत घेऊन. माझा नातू त्याच देशात राहतो आणि फोनवर मोकळेपणाने देव नाही म्हणतो.

गोष्टीत काय आहे

आफ्रिकेतल्या एका मुलीला एक मिशनरी बाई बायबल शिकवते. मुलगी विचारते, देव कुठे आहे? शोध, सापडेल, असे उत्तर मिळते. मुलगी ते शब्दशः घेते. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात गाठीचा सोटा घेऊन ती रानात शिरते.

पहिला देव भेटतो तो सिंहासनावर बसलेला, दाढीवाला, कडक. तिचे सर्वांत लाडके मूल बळी म्हणून माग, असा त्याचा हुकूम. तिला मूल नाही, तर बापाला बोलाव, त्याने तुलाच कापावे. मुलगी सोटा उगारून धावते आणि देव नाहीसा होतो. दुसरा देव म्हातारा, मऊ स्वभावाचा, टेबलाशी बसलेला. त्याला माणसांनी आपल्याशी वाद घातलेला आवडतो. हा इयोबाचा देव. मुलगी विचारते, जग इतके वाईट का केलेस? तो आपल्या मोठमोठ्या प्राण्यांचा तोरा मिरवतो: तुला असे करता येते का? मुलगी म्हणते, हा काही युक्तिवाद नव्हे, ही कुचेष्टा झाली. सोटा पुन्हा उगारला जातो, आणि तोही देव जातो. बायबलची सुरुवातीची पाने धूळ होऊन वाऱ्यावर उडून जातात.

मग कोहेलेथ भेटतो, सुंदर तरुण, सगळे व्यर्थ म्हणणारा. मग मीखा संदेष्टा भेटतो, गर्जना करीत. त्याचा देव बळी मागत नाही, वादही मागत नाही. न्याय, दया आणि नम्रता एवढेच मागतो. मुलीला तो आधीच्या दोघांपेक्षा बरा वाटतो, पण तिची शंका उरतेच: कुठे जायचे ते ठाऊक नसेल तर नम्रपणे चालून तरी काय उपयोग?

पुढे चष्मेवाला एक म्हातारा शास्त्रज्ञ भेटतो. रशियाच्या पाव्लोव्हची ती थट्टा आहे. देव वगैरे काही नाही, माणूस म्हणजे कुत्र्यासारखा सवयींचा गठ्ठा, असे तो सांगतो. मुलगी शांतपणे म्हणते, तुम्ही ज्या ओंडक्यावर बसला आहात ती झोपलेली सुसर आहे. शास्त्रज्ञ किंचाळून झाडावर चढतो. हे वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले.

ख्रिस्ती आणि मुसलमान धर्मांच्या भेटी मी सोडून देते. त्या त्यांच्या वाचकांनी तपासाव्यात. शेवटी मुलगी व्हॉल्टेरच्या बागेत पोचते. तो सांगतो, देव पुढ्यात उभा राहिला तर तुला सोसवेल का? त्यापेक्षा बाग कर. त्या बागेत खणायला एक लाल केसांचा आयरिश माणूस येतो. तो शॉ स्वतःच. त्याचे मत असे की देव अजून पुरता घडलेला नाही, तो आपल्यातून हळूहळू घडतो आहे. मुलीचे त्याच्याशी लग्न होते, मुले होतात आणि शोधाला वेळ उरत नाही.

शॉचे काय बरोबर आहे

आधी ज्याचे श्रेय त्याला देते. भीतीचा देव सोट्याने पळतो, हे शॉचे म्हणणे मला मान्य आहे. शिव्आत माझ्या घरी ज्या बाई आल्या, त्यांचा देव हाच होता: दुखणे म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा म्हणजे कुणाची तरी चूक. माझ्या नातवाने जो देव नाकारला तोही हाच. नातवाला मी दोष देणार नाही. देव आहे असे म्हणणाऱ्यांनी वर्षानुवर्षे मुलांना हाच देव दाखवला आणि मुले मोठी होऊन सोटा उचलू लागली, तर आश्चर्य कसले?

शॉचे दुसरे बरोबर म्हणणे असे की, देवाविरुद्ध विज्ञान आणून उभे केले म्हणजे वाद संपत नाही. सुसरीची गोष्ट ऐकून झाडावर चढणारा शास्त्रज्ञ स्वतःच्या सिद्धान्ताचा पुरावा झाला, हे खरे. पण भीती कशी काम करते हे सांगितल्याने जग का आहे, याचे उत्तर मिळत नाही. नास्तिकाची बाजू घेऊनही शॉने त्याची थट्टा सोडली नाही, ही त्याची प्रामाणिकता.

तिसरे, या गोष्टीत सर्वांत शहाणी व्यक्ती एक काळी आफ्रिकन मुलगी आहे आणि गोरे साहेब तिच्यापुढे निरुत्तर होतात. १९३२ साली असे लिहायला धैर्य लागत होते. पण शेवटी शॉने तिला काय दिले? लग्न, मुले आणि धुणी. आयरिश माणूस आपले मत सांगून बाग खणतो आणि बाईचा प्रश्न मुलांच्या गडबडीत बुडतो. मी चार मुले वाढवली आहेत. प्रश्न बुडत नाहीत. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसले म्हणजे तेच प्रश्न वर येतात. हे शॉला कोणी सांगितले नसावे.

पाने उडाली कशी

आता मुख्य चूक. शॉच्या गोष्टीत देव म्हणजे एकेक पायरी. बळी मागणारा सर्वांत खाली, वाद घालणारा त्याच्या वर, मीखाचा त्याहून वर. नवा आला की जुन्याची पाने उडतात. पुस्तकाला जोडलेल्या लेखातही त्याने हेच मांडले आहे की बायबलमध्ये देवाची कल्पना सुधारत गेली. कागदावर हे पटते. पण आपल्या तनाखात ती पाने कुणी उडवू दिली नाहीत. अब्राहम, इयोब, कोहेलेथ, मीखा सगळे एकाच बांधणीत आहेत. कोहेलेथला ठेवावे की नाही यावर जुन्या रब्बींनी वाद केला, तो मिश्नात नोंदलेला आहे. वाद झाला, तरी पुस्तक राहिले. सगळे व्यर्थ म्हणणाऱ्याला पवित्र शास्त्रात जागा देणारी माणसे भोळी नव्हती.

बळीच्या देवाचेच घ्या. रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी आपण इसहाकाच्या बांधणीचा भाग वाचतो. शॉची मुलगी गोष्ट अर्ध्यावर थांबवते. तिला मागणी ऐकू येते, पण सुरी उचललेला हात अडवणारी हाक ऐकू येत नाही. ती मागणीच मला आजही भयंकर वाटते, हे कबूल करते. पण ज्या गोष्टीत मूल वाचते, तिला मूल मारण्याची गोष्ट म्हणणे हे वाचन झाले नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शॉने त्याच अब्राहमाचा चार अध्याय आधीचा प्रसंग गाळला आहे. सदोम जाळायचे ठरल्यावर अब्राहम देवाची वाट अडवून उभा राहतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस असले तर? चाळीस, तीस, वीस, दहा. आपल्या आया भायखळ्याच्या बाजारात मासळीवालीशी घासाघीस करीत, तशी तो देवाशी करतो. आणि देव रागावत नाही, दर वेळी भाव उतरवतो. शॉच्या मुलीला देवाशी वाद घालायचा होता. तो वाद आपल्या पहिल्या बापाने आधीच सुरू केला होता, आणि तोही परक्या गावासाठी.

इयोबाला काय उत्तर मिळाले

माझ्या नातवाने पुस्तकात एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. ते पान इयोबाच्या देवाचे. म्हणून तिथे जरा थांबते.

इयोब सात मुलगे आणि तीन मुलींचा बाप. सगळी एका दिवसात जातात, मग अंगावर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात. कोणी तोंडातून शब्द काढत नाही. दुःखात असलेल्याने आधी बोलल्याशिवाय भेटायला आलेल्याने बोलू नये, ही आपली रीत रब्बींनी याच प्रसंगावरून घेतली. मित्रांचे ते सात दिवस सर्वांत चांगले. आठव्या दिवसापासून ते युक्तिवाद करू लागतात आणि बिघडतात.

त्यांचे युक्तिवाद नीट वाचा. ते देवाच्या बाजूचे आहेत. देव न्यायी आहे, म्हणून ज्याच्यावर दुःख आले त्याने पाप केले असणार. देव मोठा, माणूस किडा, म्हणून तक्रार करू नये. दुःख ही शिकवण आहे. माझ्या शिव्आतल्या पाहुण्यांनी जे सांगितले, ते सगळे अलिफाज, बिल्दाद आणि सोफर यांनी आधीच सांगून ठेवले आहे, आणि जास्त सुंदर भाषेत. विरुद्ध बाजूला इयोब. त्याची वाक्ये वाचायला आजही भीती वाटते. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. दुष्ट सुखाने जगतात आणि गरीब थंडीत कुडकुडतात, हे देवाला दिसत नाही का, असे विचारतो. देवाला न्यायासनापुढे उभे करायची भाषा करतो. नातवाने वाचले नसेल, पण देवाविरुद्धचा सर्वांत जोरदार युक्तिवाद देवाच्या पुस्तकातच आहे.

मग वादळातून देव बोलतो. समुद्र, पहाट, रानगाढव, शहामृग, मगरीसारखा लिव्याथान, सगळे दाखवतो. शॉची मुलगी म्हणते, हा युक्तिवाद नव्हे. मुलीचे बरोबर आहे. तो युक्तिवाद नाहीच. पण इयोबाने युक्तिवाद मागितलाच नव्हता. त्याच्याकडे युक्तिवाद पोत्याने पडले होते, तीन मित्रांनी आणून टाकलेले. त्याची मागणी एकच होती: मला तोंड दाखव, माझे ऐकून घे. ती पूर्ण झाली. नवरा गेल्यावर मला सांत्वनाची कारणे खूप मिळाली. उपयोगी पडली ती शेजारची मोरोक्कन बाई. तिला मराठी येत नाही आणि तेव्हा माझ्या तोंडून हिब्रू शब्दही निघत नव्हता. ती रोज संध्याकाळी येऊन दिवा लागेपर्यंत माझ्याजवळ बसायची.

आणि शॉने शेवटचा अध्याय वाचूनही सोडून दिला. बेचाळिसाव्या अध्यायात देव मित्रांवर रागावतो. आपल्याविषयी ते योग्य बोलले नाहीत आणि इयोब बोलला, असा निकाल देतो. वाचकहो, हे पुन्हा एकदा वाचून पाहा. देवाची वकिली करणारे चूक ठरले आणि देवावर आरोप करणारा बरोबर ठरला. एवढेच नव्हे, मित्रांसाठी प्रार्थना करायचे काम त्या आरोप करणाऱ्यालाच दिले.

एक गोष्ट मात्र मी लपवत नाही. पुस्तकाच्या शेवटी इयोबाला पुन्हा दहा मुले होतात. ज्या आईने एक मूल गमावले आहे, तिला विचारा, दहा नवी आली म्हणून जुनी भरून निघतात का? त्या शेवटाने माझे समाधान कधीच झाले नाही. दुःख का, या प्रश्नाला इयोबाचे पुस्तक उत्तर देत नाही. ते फक्त एवढे सांगते की हा प्रश्न विचारणारा माणूस घराबाहेरचा नाही. शिव्आत आपण तोरा वाचायचा नसतो, पण इयोब वाचायला परवानगी आहे. ज्यांनी ही परवानगी दिली, त्यांना त्या दिवसांत माणूस काय बोलतो ते माहीत होते.

बर्कलीचे झाड

देवाच्या बाजूने आयर्लंडने काहीच दिले नाही असे नाही. शॉच्या दोनशे वर्षे आधी किल्केनीकडच्या जॉर्ज बर्कलीने, जो पुढे क्लॉइनचा बिशप झाला, १७१० साली डब्लिनमध्ये एक ग्रंथ छापला. त्याचे म्हणणे साध्या शब्दांत असे: वस्तू असणे म्हणजे ती कुणाला तरी जाणवणे. मग कोणी पाहत नसताना आवारातले झाड असते की नाही? असते, कारण कोणी ना कोणी सतत पाहत असते, आणि तो देव.

तत्त्वज्ञांनी या युक्तिवादाला पुष्कळ भोके पाडली आहेत. कोणी न पाहिले तरी झाड आपले उभे राहील, असे मलाही वाटते. तरीपण रिकाम्या घरात रात्री जाग येते तेव्हा तोच मनात येतो. मी आहे हे या क्षणी कुणाला ठाऊक आहे का? आपल्या वयाला हा प्रश्न तरुणांपेक्षा जवळचा आहे. पण तो आधार झाला, पुरावा नव्हे. मला हवे आहे म्हणून देव आहे, असे म्हटले तर नातू हसेल, आणि बरोबर हसेल.

आपल्याकडे पानेच नव्हती

शॉच्या मुलीची पाने वाऱ्याने नेली. आपल्या पूर्वजांची पाने समुद्राने नेली. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात जोडपी वाचली, पुस्तके बुडाली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोकणात तेलाचा घाणा चालवणाऱ्या त्या शनिवार तेल्यांकडे अब्राहमाचा वाद नव्हता, इयोबाची तक्रार नव्हती, मीखाही नव्हता. होते ते शब्बाथला घाणा बंद ठेवणे, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नेम आणि तोंडात शेमा. देव आहे हे त्यांना कोणी सिद्ध करून दाखवले नाही, आणि देव नाही हेही दाखवले नाही. पुढे पुस्तके पुन्हा हातात आली तेव्हा त्यांनी ती ओळखली.

यावरून देव आहे असे सिद्ध होत नाही, हे माझा नातू लगेच म्हणेल. होतच नाही. पण शॉला जे दिसले नाही ते यातून दिसते. त्याच्या मते श्रद्धा म्हणजे एक मत, ते पुरावा मिळाला तर ठेवायचे, नाही तर टाकायचे. आमच्या घरात ती आधी एक रीत होती. मलिदाचे ताट मांडताना, एलियाहू हन्नाबीचे नाव घेताना, माझ्या सासूने मला कधी विचारले नाही की तुझा विश्वास किती. ताट धरायला सांगितले. नातवाने कद्दीश म्हटला तेव्हा त्यानेही ताटच धरले. आणि कद्दीशमध्ये मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती आहे, हे त्याला माहीत होते.

शेवटचा मुद्दा आपल्या नावाचा. यब्बोकच्या काठी याकोब रात्रभर कुणाशी तरी झुंजला. पहाटे त्याला नवे नाव मिळाले, इस्राएल, आणि मांडीला दुखापतही मिळाली. तो लंगडत निघाला. त्या नावाचा अर्थ देवाशी झुंजणारा असा तिथेच दिलेला आहे. आपण स्वतःला त्याचीच लेकरे म्हणवतो. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले यहुदीपण तपासायला निघालेल्या फर्मानाविरुद्ध आपली माणसे जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला बोलावे लागले. त्या वेळी भांडणारा म्हणजे धर्म सोडणारा, असे आपल्यापैकी कुणी म्हटले नाही. मग घरातल्या मुलाने देवाशीच भांडण काढले तर त्याला तसे का म्हणावे?

एका पत्राची हकीकत

शॉची इंग्लंडमधल्या स्टॅनब्रुक मठाच्या डेम लॉरेन्शिया या जोगिणीशी १९२४ पासून मैत्री होती. ती मठाबाहेर पडत नसे, जाळीआडून दोघे तासन्‌तास बोलत. हे पुस्तक वाचून ती इतकी दुखावली की तिने ते मागे घ्यायला सांगितले. शॉ ऐकेना. बोलणे थांबले. १९३४ साली शॉच्या हातात मठाचे एक कार्ड पडले. ती गेली असे समजून त्याने मठातल्या बायकांना मनापासून दुखवट्याचे पत्र लिहिले. उत्तर तिचेच आले. कार्ड तिच्या व्रताला पन्नास वर्षे झाल्याचे होते. त्यानंतर शॉ १९५० साली जाईपर्यंत दोघांची मैत्री टिकली. दोघांपैकी कोणी आपले मत बदलले नाही.

हे वाचले आणि मी त्याच शुक्रवारी शब्बाथच्या आधी डब्लिनला फोन लावला. नातू विचारत होता, "मग, चूक सापडली?" मी म्हटले, "सापडली. तुझ्या शॉने इयोब शेवटपर्यंत वाचला, पण बेचाळिसावा अध्याय तुला सांगितला नाही." तो म्हणाला, "मी अजून मानत नाही हं, आजी." मी म्हटले, "बेटा, आधी वाच. भांडायचं तर पुरतं वाचून भांड."

तो आता दर शुक्रवारी एक अध्याय वाचतो आणि फोनवर भांडतो. आम्ही सोळाव्यापर्यंत आलो आहोत. मित्रांचा त्याला फार राग येतो.

शॉचे पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत संपते. इंग्रजी वाचणाऱ्यांनी जरूर वाचावे, चित्रांसह मिळाले तर अधिक चांगले. पण शेजारी इयोब उघडा ठेवावा, आणि घरात नातू-नात असेल तर त्यांना बरोबर घेऊन बसावे.